हा पोशाख तुमच्या पात्रासाठी नाही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पळस्प्याला आमच्या विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. आठ वाजता वह्या मिटल्या की पोरे मोबाईल काढतात आणि अर्धा तास आम्ही कोणी काही बोलत नाही. दिवसभर शाळा, क्लास, घरची कामे. अर्धा तास खेळली तर आभाळ कोसळत नाही.

त्या दिवशी तीन मुलगे आणि एक मुलगी अशा चौघांची खलबते चालली होती. 14 एप्रिलला त्यांच्या स्क्वॉडमधल्या चारही पात्रांनी निळा सूट घालायचा, एका ओळीत उभे राहायचे, स्क्रीनशॉट काढायचा आणि रात्री बाराच्या ठोक्याला स्टेटसला लावायचा. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय. हा वेश कोणाचा ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

मुलग्यांना सूट मिळाले. नववीतली ती मुलगी मात्र अडकली. गेमच्या दुकानात सूट दिसत होता, किंमत दिसत होती. वाढदिवसाला मामाने दिलेल्या पैशांतले चारशे रुपये घालून तिने गेममधले चलन घेतले, चलनातून सूट घेतला आणि घालायला गेली तर पडद्यावर ओळ आली: हा पोशाख तुमच्या पात्रासाठी नाही. तिचे पात्र मुलीचे होते. सूट पुरुष पात्राचा होता.

‘‘अगं मग पात्र बदल ना, मुलगा घे,’’ तिचा चुलतभाऊ म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला.

‘‘मी मुलगी आहे ना दादा. मी कशाला मुलगा होऊ? मला कोट घालायचाय.’’

मग दुसरा एक जण म्हणाला, ‘‘सिस्टिमच तशी आहे गं. आपण काय करणार.’’

हा लेख त्या शेवटच्या वाक्यावर आहे.

मुलींच्या पात्रासाठी निळ्या रंगात काय मिळते ते तिने मला शोधून दाखवले. आखूड स्कर्ट, पोट उघडे टाकणारा टॉप आणि डोक्यावर सशाचे कान. सशाचे कान लावून भीमजयंती! पोरे हसली, तीही हसली. मला हसू आले नाही.

गेमचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीशी माझे भांडण नाही, आणि नाव लिहिले की चर्चा ‘तो गेम वाईट, हा गेम चांगला’ अशी भलतीकडे जाते.

आमच्या वयाच्या लोकांसाठी थोडे सांगतो. ज्यांना हे सगळे माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

हे गेम फुकट असतात. डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, खेळायलाही लागत नाहीत. कंपनी कमावते ती कपड्यांवर. कोट, टोप्या, बूट, मुखवटे, बंदुकीवरची नक्षी. या कपड्यांनी गोळी अडत नाही, पळण्याचा वेग वाढत नाही. ते फक्त दिसण्यासाठी असतात. म्हणजे या धंद्याचा पायाच ‘मी कसा दिसावा, मी कशी दिसावी’ ही माणसाची इच्छा आहे. खात्यात खरे रुपये घालायचे, त्याचे गेममधले चलन मिळते, त्या चलनात कपडे घ्यायचे. सुरुवातीला एकदा पुरुष किंवा स्त्री असे पात्र निवडायचे असते. फ्री फायरसारख्या, आपल्या गल्लीबोळातल्या पोरांत सगळ्यात लोकप्रिय असलेल्या गेममध्ये तर पात्रे आधीच पुरुष आणि स्त्री म्हणून घडवलेली असतात आणि कपड्यांचे संचही त्या त्या लिंगाचे असतात. एकदा निवड झाली की दुकानातला अर्धा माल तुमच्यासाठी नाही. का नाही, याचे उत्तर कुठे लिहिलेले नसते.

आता आपल्याच लोकांचा आक्षेप. मी हे दोन कार्यकर्त्यांना सांगितले तेव्हा एक म्हणाला, ‘‘भाऊ, शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरती बंद आहे, गावोगाव अत्याचार चाललेत आणि तुम्ही मोबाईलमधल्या बाहुलीच्या कोटावर लिहिणार?’’

आक्षेप खोटा नाही. शिष्यवृत्तीवर मी लिहिले आहे, पुन्हा लिहीन. पण ‘मोबाईलमधली फालतू गोष्ट’ म्हणताना जरा जपून. 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत आपला एक तरुण मारला गेला, ते मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून. मारणाऱ्यांना ती रिंगटोन फालतू वाटली नव्हती. 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात मोटा गावी एका दलित तरुणाला मारहाण झाली, कारण त्याने चांगले कपडे आणि गॉगल घातला होता. आपण काय घालतो याला आपण क्षुल्लक समजत असू. व्यवस्थेने ते कधीच क्षुल्लक समजलेले नाही.

आणि पळस्प्याच्या माणसाने तर हे विसरूच नये. आमच्या फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग सुटतो, आताचा राष्ट्रीय महामार्ग 66. (चौपदरीकरणाला एक तप उलटून गेले तरी प्रवाशांचे हाल संपत नाहीत, तो वेगळा लेख.) हा रस्ता धरून दक्षिणेला निघालात की पेण, माणगाव करत महाड लागते. 25 डिसेंबर 1927 ला तिथे मनुस्मृती जाळली हे आपल्या पोरांना पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले, आणि कपड्यांवर बोलले, हे किती जणांना आठवते? साडी गुडघ्याच्या वर खोचून नेसण्याची पद्धत सोडा, वरच्या जातीच्या बायका नेसतात तशी नेसा. गळ्याभर आणि हातभर ते कथलाचे नि चांदीचे ओझे उतरवा, ती अस्पृश्यतेची ओळखचिठ्ठी आहे. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या. असा त्या भाषणाचा आशय. बायकांनी ते ऐकून सोडून दिले नाही, नेसण्याची पद्धत बदलली. पाण्याचा हक्क आणि निऱ्यांची लांबी एकाच मांडवात बोलली गेली. बाबासाहेबांना यातले एक मोठे आणि दुसरे छोटे वाटले नाही.

त्यांना ते का वाटले नाही, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात दिसते. चांडाळाने प्रेताच्या अंगावरचे कपडे घालावेत, दागिने लोखंडाचे घालावेत. जन्म कुठला, त्यावर कपडा ठरणार. कायदा लिहिणाऱ्याला हे सांगावेसे वाटले कारण कपडा हा रस्त्यावरून चालणारा जातीचा दाखला असतो. समोरच्याला तोंड उघडून विचारावे लागत नाही.

1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई जातीचे उदाहरण दिले आहे. 1928 च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेली बातमी त्यांनी घेतली. पंधरा-वीस गावांतल्या सवर्णांनी बलाईंवर नियम लादले: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. यातली एक गोष्ट नीट पाहा. बलाईने ते पागोटे विकत घेऊ नये, असा नियम नव्हता. बाजारात पैसे टाकले असते तर दुकानदाराने दिलेच असते. मनाई होती ती डोक्यावर बांधण्याला. पैसे चालतात, डोके चालत नाही.

आमच्या मुलीचे चारशे रुपये चालले. तिचे पात्र चालले नाही.

त्रावणकोरचा दाखला याहूनही बोलका आहे. नाडार बायकांना छाती झाकायची मनाई होती. अनेक वर्षे लढा झाला, मारझोड झाली, शेवटी 1859 मध्ये राजाने जाहीरनामा काढला: झाका, पण वरच्या जातीच्या बायका झाकतात तशा पद्धतीने नाही. म्हणजे हक्क दिला आणि त्याच वाक्यात परत घेतला. तुम्हालाही कपडे आहेत, फक्त ‘ते’ नाहीत. गेमवाल्यांचे उत्तर हेच असते. मुलींच्या पात्रांना कपडे कमी आहेत का? उलट जास्तच आहेत! असतील. बाबासाहेबांचा कोट त्यात नाही.

इथे मला एक रेघ ओढायची आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की हा माणूस बलाईंच्या छळाची आणि व्हिडिओ गेमची बरोबरी करतो. करत नाही. बलाईंनी नियम मानले नाहीत तेव्हा त्यांच्या विहिरी बंद झाल्या, गुरांचे रस्ते बंद झाले, माणसांना घरदार सोडून जावे लागले. आमच्या मुलीचे चारशे रुपये गेले आणि तिचा हिरमोड झाला. या दोन दुःखांना एका तराजूत घालणारा माणूस मूर्ख तरी असेल किंवा लबाड तरी. मी दुःखाची तुलना करत नाही. मी नियमाच्या घडणीकडे बोट दाखवतो. जन्माने, किंवा जन्माच्या जागी ठेवलेल्या एका बटणाने, तुझा वर्ग ठरेल. वर्गाने कपडा ठरेल. आणि का म्हणून विचारलेस तर उत्तर मिळेल की रीतच तशी आहे. आजोबांच्या काळात ‘रीत’ म्हणत. नातू ‘सिस्टिम’ म्हणतो. चौदा वर्षांचा मुलगा, विहारात बसून, बाबासाहेबांच्या फोटोखाली, अगदी सहज म्हणतो की सिस्टिमच तशी आहे, आपण काय करणार. ही शिकवणी त्याला कोणी दिली? आम्ही नाही दिली. शाळेनेही दिली असेल, घरानेही दिली असेल. पण रोज अर्धा तास हातात धरून, रंगीत चित्रांसकट, ती शिकवणी हा मोबाईलही देतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी आपण कर्ज काढून फोन घेतले. शाळा पुन्हा भरली, फोन हातात राहिला.

आता कंपन्यांची बाजू. ती ऐकली पाहिजे, कारण त्यात थोडे तथ्य आहे.

पहिले कारण खर्चाचे. गेममधला कोट म्हणजे सपाट चित्र नसते. तो त्रिमितीय आकार असतो, पात्राच्या शरीराच्या सांगाड्याला बांधलेला. पात्र पळाले, वाकले, पोहले तर कापड त्याच्याबरोबर हलले पाहिजे. खांदे रुंद असलेल्या शरीरासाठी बेतलेला कोट दुसऱ्या शरीरावर चढवला तर हात कापडातून बाहेर येतो, गळा दिसेनासा होतो. म्हणून प्रत्येक कपडा दोनदा बेतावा लागतो. ठीक. शिंपीसुद्धा दोन मापांचे दोनदा कापतो. पण शिंपी ‘तुझ्या मापाचा कोट मी शिवणारच नाही’ असे म्हणत नाही, आणि म्हणालाच तर पैसे घेत नाही.

शिवाय खर्चाची सबब खरी असती तर ज्यांनी हे केले त्यांचे दिवाळे निघाले असते. ‘द सिम्स 4’ या जगभर खेळल्या जाणाऱ्या गेमने 2016 च्या जूनमध्ये एक अपडेट दिले. आधी फक्त पुरुषांना किंवा फक्त स्त्रियांना असलेल्या सातशेहून अधिक वस्तू, कपडे, केशरचना, दागिने, सगळ्यांना खुले केले. तो गेम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालला. 2020 मध्ये निन्टेन्डोच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ने सुरुवातीला मुलगा की मुलगी हे विचारणेच सोडले. ‘स्टाईल’ निवडा म्हणाले, आणि ती पुढे आरशासमोर उभे राहून कधीही बदला. त्या गेमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पोकेमॉनच्या जुन्या गेममध्ये मुलांचे कपडे वेगळे, मुलींचे वेगळे असत. 2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये ती भिंत गेली. या कंपन्या काही समतेच्या चळवळीतून आलेल्या नाहीत. धंदेवाल्याच आहेत. त्यांना जमले ते इतरांना जमत नाही, यात अडचण शिंप्याची नाही.

खर्चाचे खोटेपण आणखी एका जागी उघडे पडते. अनेक लढाईच्या गेममध्ये एकच चिलखत दोन्ही पात्रांना मिळते. नाव तेच, किंमत तीच, संरक्षणाचे आकडेही तेच. पुरुष पात्राने घातले की गळ्यापासून पायापर्यंत पोलाद. स्त्री पात्राने घातले की तेच पोलाद आक्रसून छातीवर दोन वाट्या आणि कमरेला एक पट्टी. खेळणारे लोक याला ‘बिकिनी आर्मर’ म्हणून हसतात. पण बघा, इथे कंपनीने दुसरे माप मुद्दाम बसून, पगार देऊन, वेगळे बेतले आहे. स्त्रीचे पोट उघडे टाकायला खर्च परवडतो. तिला कोट घालायला परवडत नाही.

इथे काही लोक टाळ्या वाजवायला पुढे येतील, त्यांना आधीच थांबवतो. तुम्हाला पोरींचे कपडे लांब करायचे आहेत. मला नाही. ज्या मुलीला सशाचे कान आणि आखूड स्कर्ट घालायचा आहे तिने खुशाल घालावा, तिच्या पात्राला ओढणी देण्याची मोहीम मी चालवणार नाही. संस्कृतिरक्षकांच्या हातात कात्री द्यायला हा लेख लिहिलेला नाही. माझे म्हणणे एवढेच, की स्कर्ट आणि कोट दोन्ही एकाच मांडणीवर असावेत आणि हात घालणारीने हात घालावा.

आणि हात घालणाऱ्यानेही. इथून पुढचे लिहायला मला जड जाते, कारण आता बोट आपल्या घराकडे वळते.

त्याच संध्याकाळी मी मुलग्यांना विचारले, उलटे असते तर? तुमच्यातल्या कोणाला घागरा आवडला असता तर? जो हशा पिकला तो मी इथे लिहीत नाही. त्यात जो शब्द आला तोही लिहीत नाही. तुम्हाला तो माहीत आहे, आपल्या वस्तीत तो रोज ऐकू येतो. एक मुलगा हसला नाही. खाली बघत बसला. त्याच्याबद्दल मी एवढेच सांगेन आणि पुढे काही विचारणार नाही.

महाराष्ट्राला पुरुषाने साडी नेसण्याचे वावडे कधीच नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शालू नेसून रंगमंचावर आले आणि पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा अंबाडा उचलला. त्यांना पद्मभूषण मिळाले, पुण्यातल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. मिळायलाच हवे होते, कलावंत मोठा होता. पण त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडावर आपल्या जातीतला पोरगा नाच्या म्हणून उभा राहिला तर त्याला काय मिळाले? टिंगल, आणि फड उठल्यावर अंधारात हात ओढणारे. मराठी सिनेमात गणपत पाटलांनी ती भूमिका वर्षानुवर्षे केली, लोक पोट धरून हसले आणि ते हसणे पडद्याबाहेरही त्यांच्या मागे लागले. साडी तीच. नेसणारा कोण, यावर ती कला ठरली किंवा नाच ठरला.

तिसरा आहे जोगता. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला पुरुष. त्याला साडी नेसावी लागते, बहुतेक वेळा तो दलित-बहुजनांतला असतो. गाव त्याला साडीत बघते, त्याच्या परडीत जोगवा घालते, त्याच्यापुढे हात जोडते. का? कारण देवीने मागितली म्हणून ती साडी आहे. त्याला आवडली म्हणून नाही. आपल्या समाजाला पुरुषाच्या अंगावरची साडी चालते. त्याच्या मर्जीची साडी चालत नाही. पैसे फेकून बघायची असेल तर चालते, देवाची गुलामी असेल तर चालते, स्वतःची निवड असेल तर डोके फुटते.

इंग्रजांनी यावर कायद्याचा शिक्का मारला. गुन्हेगार जमाती कायदा, 1871, आपल्याला पारधी, कैकाडी, बेरड या भावंडांमुळे माहीत आहे. 31 ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो. पण त्या कायद्याचा दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद असलेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या वेशात किंवा दागिन्यांत दिसली तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. जमातीवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का आणि माणसावर लुगड्यासाठी तुरुंग, दोन्ही एकाच कायद्याच्या दोन पानांवर. ज्यांना अजूनही वाटते की लिंगाचा प्रश्न चळवळीच्या बाहेरचा आहे त्यांनी ती दोन पाने शेजारी शेजारी ठेवावीत.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, नालसा खटल्याचा निकाल दिला. आपली लिंगओळख आपण कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणे हे संविधानाच्या कलम 19(1)(क) खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते असे त्यात मान्य झाले. म्हणजे आज पनवेलच्या बाजारात कोणी कोणताही कपडा घालून फिरू शकते, निदान कागदावर. मोबाईलच्या पडद्यावर मात्र 1871 चालू आहे.

आता वकील मंडळी म्हणतील की खासगी कंपनीवर संविधान कसे लावता. म्हणून कलम 15 चा दुसरा भाग काढा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही रोखता येणार नाही. हे कलम नुसत्या सरकारला नाही, तुमच्याआमच्यालाही बांधते. संविधान सभेत 1948 च्या नोव्हेंबरमध्ये यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे काय असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी तो शब्द चार भिंती आणि गल्ला एवढ्यापुरता ठेवला नाही. मागायला येणाऱ्या कोणालाही मालक जिथे सेवा द्यायला तयार आहे ती जागा म्हणजे दुकान, इतका रुंद अर्थ त्यांनी सांगितला. तेव्हा भारतात टीव्हीसुद्धा नव्हता. पण गेममधल्या ज्या पानावर ‘शॉप’ असे लिहिलेले असते आणि जे आपल्या यूपीआयवरून पैसे घेते, ते या अर्थाने दुकान नाही तर काय आहे?

कंपनी म्हणेल, मुलीला आम्ही अडवले नाही, तिच्या पात्राला अडवले. कोर्टात हा युक्तिवाद टिकेलही, मी वकील नाही. पण पात्र मुलीचे आहे म्हणून अडवले आणि ते मुलीचे का आहे, तर खेळणारी मुलगी आहे म्हणून. तिने स्वतःला खरे दाखवले याचा तिला दंड. मुलगा असल्याचे भासवले असते तर कोट मिळाला असता. आडनाव बदलून खोली भाड्याने घेणाऱ्या आपल्या पोरांना हा हिशोब नव्याने समजावायला नको. आपण ज्याला ‘सोपा मार्ग’ म्हणतो तो हाच असतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन देऊ म्हणाले. जुगारात बुडालेल्या घरांसाठी ते गरजेचे होते. त्याआधी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपवाल्यांच्या फसवणुकीचे 13 प्रकार ‘डार्क पॅटर्न’ म्हणून ठरवून दिले. त्यातही लिंगावरून माल अडवण्याचा प्रकार नाही. सरकारला पोरांचे पैसे दिसले, व्यसन दिसले. मान कुठे दिसला नाही, आणि तो दाखवल्याशिवाय दिसणारही नाही.

म्हणून मागणी साधी ठेवली आहे. कपड्यावरची लिंगाची अट काढा. काढेपर्यंत, जो कपडा खेळणाऱ्याच्या पात्राला घालता येणार नाही तो विकताना पैसे घेण्याआधी, मराठीत, ठळक अक्षरात तसे सांगा. आणि न सांगता घेतलेले पैसे परत करा. तिसरी मागणी तर ग्राहक संरक्षण कायद्यात, 2019 च्या, सरळ बसते. त्यासाठी क्रांती लागत नाही, 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लागतो.

त्या मुलीने पहिले पत्र लिहिले आहे. वहीच्या दोन पानांवर, मराठीत. मी त्यात फक्त शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारल्या. चुलतभावाने ते टाइप करून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवले. उत्तर इंग्रजीत आले, आपोआप पाठवले जाणारे, की तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे. तिने त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवला. 14 तारखेला स्क्वॉडचा फोटो निघाला तेव्हा तिचे पात्र गेम सुरू करताना फुकट मिळणाऱ्या पांढऱ्या टीशर्टमध्ये उभे होते, तीन निळ्या कोटांच्या मधोमध.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात आणखी पत्रे लिहायची आहेत. ज्यांच्या पोरापोरींचे असे पैसे अडकले असतील त्यांनी खरेदीचा मेसेज, रक्कम, तारीख आणि ती ‘तुमच्या पात्रासाठी नाही’ची ओळ यांचे स्क्रीनशॉट घेऊन यावे. मुलग्यांनीही यावे. फोन चार्ज करून आणा, विहारात प्लग दोनच आहेत.